प्रार्थनेचे शब्द आणि पंथांच्या भिंती

कथा, कादंबरी, काव्य आणि नाटक यांची चिकित्सा आपल्याकडे उदंड झाली. आरती, भूपाळी, अभंग यांच्याकडेही समीक्षकांची दृष्टी अधूनमधून वळली. परंतु अनेक माणसांनी एकत्र उभे राहून एका आवाजात म्हणावयाची जी प्रार्थना, तिचा वाङ्मय म्हणून विचार क्वचितच झाला आहे. कविता एकाने लिहिलेली असते आणि एकेकाने वाचावयाची असते. ती पटली नाही तर पुस्तक मिटून ठेवता येते. सामुदायिक प्रार्थनेचे तसे नाही. तिचे शब्द दुसऱ्याने रचलेले असतात आणि म्हणताना मात्र ते म्हणणाऱ्याचे स्वतःचे व्हावे लागतात. नटालाही दुसऱ्याचेच शब्द बोलावे लागतात; पण पडदा पडला की तो मोकळा होतो. प्रार्थना म्हणणाऱ्याला ती सवलत नाही. तो जे बोलतो ते देवाला साक्षी ठेवून बोलतो. म्हणून कवितेला जी कसोटी लावण्याचे कारण पडत नाही ती प्रार्थनेला लावावी लागते. हे शब्द म्हणणाऱ्याला खोटे न बोलता म्हणता येतील काय?

ज्यांची धर्ममते जुळत नाहीत अशा माणसांनी एकच प्रार्थना म्हणावयाचे ठरवले, तर ही कसोटी फारच अवघड होऊन बसते. ख्रिस्ती समाजाच्या निरनिराळ्या पंथांनी गेल्या सव्वाशे वर्षांत हा प्रयोग नाना प्रकारांनी करून पाहिला. त्या प्रयोगाची काही महत्त्वाची पाने आपल्या महाराष्ट्रात, आणि मराठी भाषेत, लिहिली गेली आहेत. ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकाने ती एकदा उलटून पाहावीत असे मला वाटते. तो प्रश्न वरवर त्यांचा दिसला तरी शब्द आणि सत्य यांचे नाते काय, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न सर्वांचाच आहे.

ख्रिस्ती म्हणजे सारे एकच, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. नाताळात शेजारच्या घरून फराळाचे ताट आले की आपण ते आनंदाने घेतो. त्या घरची माणसे रविवारी कोणत्या देवळात जातात याची चौकशी कोणी करीत नाही. पण ती केली तर थक्क व्हायला होते. वसईचे कॅथलिक पोर्तुगीज अमदानीपासूनचे. १८१३ साली मुंबईत अमेरिकन मिशन आले आणि पुढे त्याने अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, आपले मोठे ठाणे केले. त्यामागून स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन आले, इंग्लंडच्या चर्चचे अँग्लिकन आले, मेथडिस्ट आले, डहाणूच्या बाजूला ब्रदरेन मंडळी आली. या मिशनांनी पुष्कळ ठिकाणी आपसांत मुलूख वाटून घेतला होता. त्यामुळे एखादा शेतकरी कोणत्या पंथाचा, हे त्याच्या विचारावरून ठरण्याऐवजी बहुधा त्याच्या गावावरून ठरे.

पंथापंथांतले भेद लहान नव्हते. बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यावा की जाणत्या माणसाला? मंडळीवर बिशप असावा की नसावा? रोमच्या पोपचा अधिकार मानावा की न मानावा? प्रभुभोजनातली भाकर आणि द्राक्षारस यांत ख्रिस्त कोणत्या अर्थाने असतो? यांतली बहुतेक भांडणे जर्मनी, स्वित्झर्लंड, इंग्लंड आणि स्कॉटलंड या देशांत सोळाव्या-सतराव्या शतकांत झाली. ती तिथल्या राजांची होती, पंडितांची होती. पण प्रवरेच्या काठी ज्वारी पेरणाऱ्या माणसाच्या पदरात ती आयती पडली. न केलेल्या भांडणाचा वारसा मिळावा, याहून विचित्र वारसा कोणता?

या सर्वांजवळ एक प्रार्थना समान होती. येशूने आपल्या शिष्यांना शिकवलेली ती ‘प्रभूची प्रार्थना’. तिच्याविषयी तरी वाद नसावा असे वाटेल. पण तीही पुरती समान नाही. प्रॉटेस्टंट मंडळी तिच्या शेवटी देवाचे राज्य, सामर्थ्य आणि गौरव यांचा उच्चार करणारे एक वाक्य म्हणतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हे वाक्य आढळत नाही आणि कॅथलिक परंपरेत प्रार्थना त्याच्या अलीकडेच संपते. त्यामुळे दोन्हीकडची माणसे एकत्र जमून ही प्रार्थना म्हणू लागली म्हणजे मोठी मौज होते. अखेरपर्यंत सारे एका आवाजात चाललेले असतात. मग निम्मे थांबतात आणि निम्मे पुढे जातात. थांबलेल्यांना वाटते, आपण लवकर थांबलो की काय? पुढे गेलेल्यांना वाटते, आपलेच आवाज एवढे उघडे का पडले? १९७० च्या सुमारास कॅथलिक मिस्सेच्या नव्या विधीत हे वाक्य घेतले गेले. पण तेही मूळ प्रार्थनेला जोडून नव्हे, मध्ये धर्मगुरूची एक वेगळी विनंती ठेवून. चारशे वर्षांचे भांडण तेवढ्या एका विरामात मावले आहे.

तरीही या प्रार्थनेनेच दार प्रथम किलकिले केले. रोमन कॅथलिक चर्चने १९२८ साली आपल्या लोकांना इतर पंथांच्या ऐक्य-परिषदांत भाग घेण्यास स्पष्ट मनाई केली होती. १९४९ च्या डिसेंबरात रोमहून जी सूचना निघाली तिच्यात अशा सभांच्या आरंभी किंवा शेवटी प्रभूची प्रार्थना सर्वांनी मिळून म्हणण्यास मुभा दिली गेली. पुढे १९६४ साली व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मसभेने, ऐक्यासाठी एकत्र प्रार्थना करणे हे प्रसंगविशेषी इष्टच आहे, असे ठरवले. त्याच सुमारास मिस्सा लॅटिनमधून लोकभाषांत येऊ लागली. वसईचा कॅथलिक आणि नगरचा प्रॉटेस्टंट हे दोघेही आता आपली मुख्य उपासना मराठीतून करू लागले. भाषा एक झाल्याने मते एक होत नाहीत. पण एकमेकांचे शब्द कानाला परके वाटेनासे होतात, हेही थोडे नाही.

एकत्र म्हणावयाच्या प्रार्थनेचे शब्द कसे चुकतात आणि कसे सुधारतात, याचे एक बोधप्रद उदाहरण पाश्चात्त्य जगातले आहे. पॉल वॉटसन या अमेरिकन अँग्लिकन धर्मगुरूने १९०८ साली १८ ते २५ जानेवारी हे आठ दिवस ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेसाठी पाळण्याची प्रथा सुरू केली. पण त्याच्या मनातले ऐक्य म्हणजे सर्वांनी पोपच्या छत्राखाली यावे, असे होते. पुढच्याच वर्षी तो स्वतः रोमन चर्चमध्ये गेला. आता ही प्रार्थना लूथरच्या अनुयायाने कशी म्हणावी? ती म्हणणे म्हणजे आपल्या घराचा लिलाव आपणच पुकारण्यासारखे होते. १९३० नंतरच्या काळात फ्रान्समधील लिआँ शहरातल्या पॉल कूत्यूरिए या कॅथलिक धर्मगुरूने तोच सप्ताह ठेवून प्रार्थनेचा आशय बदलला. ऐक्य व्हावे ते ख्रिस्ताला हवे असेल तसे, आणि त्याला हव्या असतील त्या साधनांनी, असे मागणे त्याने सुचवले.

पाहण्यात हा बदल चार शब्दांचा आहे. पण समीक्षकाने थबकावे असे काहीतरी त्यात घडले आहे. पहिल्या मागण्यात मागणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक होते. देवाने त्यावर फक्त सही करायची होती. दुसऱ्यात उत्तर देवावर सोपवले आहे. त्यामुळे कॅथलिकाला आपला पोप सोडावा लागत नाही आणि प्रॉटेस्टंटाला तो मानावा लागत नाही; दोघांनाही एवढेच मान्य करावे लागते की, कदाचित माझे गणित चुकत असेल. १९६८ पासून या सप्ताहाच्या प्रार्थना कॅथलिक आणि इतर पंथ मिळून तयार करतात. त्याचे मूळ या एका वाक्याच्या दुरुस्तीत आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु येथेच दुसरा धोका उभा राहतो. कोणालाच खटकू नये म्हणून शब्द इतके घासावेत की त्यांना चवच राहू नये! समित्यांनी रचलेल्या प्रार्थना पुष्कळदा अशा होतात. शांती, प्रेम, बंधुभाव, प्रकाश हे शब्द एकामागून एक येतात आणि कोणाच्याही अंगावर काटा उभा न करता निघून जातात. अशी प्रार्थना म्हणताना कोणी खोटे बोलत नाही हे खरे. पण कोणी काही बोलतच नाही. पाहुण्यांपैकी एकाला तिखट चालत नाही, दुसऱ्याला गोड, तिसऱ्याला आंबट. म्हणून यजमानाने सर्वांना कोमट पाणी वाढावे, त्यातला हा प्रकार. एकीकडे आपले मत दुसऱ्याच्या तोंडी घुसडणारी प्रार्थना, दुसरीकडे कोणाचेच मत नसलेली प्रार्थना. या दोहोंमधून वाट काढता येते का?

ती वाट मराठीत नारायण वामन टिळकांनी काढली. रेव्हरंड टिळक (१८६१–१९१९) यांना सामान्य वाचक ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून किंवा लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तील तऱ्हेवाईक, उदार पती म्हणून ओळखतो. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते अमेरिकन मिशनचे उपदेशक; म्हणजे पंथाने काँग्रिगेशनल. पण त्यांची भजने त्या पंथात राहिली नाहीत. निकोल मॅक्निकल या स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याने त्यांतली काही इंग्रजीत नेली आणि तिकडच्या उपासना-पुस्तकांतही त्यांचा समावेश झाला. जॅक विन्स्लो या अँग्लिकनाने १९२३ साली त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले. ‘उपासना संगीत’ हे मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे गीतपुस्तक उघडावे तो टिळकांचे नाव पानोपानी भेटते. ज्यांचे बिशपविषयी एकमत नाही, बाप्तिस्म्याविषयी नाही, ते सारे टिळकांचे पद मात्र एका सुरात गातात. हे कशामुळे झाले?

चालीमुळे झाले, असे पहिले उत्तर सुचेल, आणि त्यात तथ्य आहे. आमच्या शाळेत रोज सकाळी प्रार्थना होते. मुलांचे अर्थाकडे लक्ष नसते अशी आम्हां मास्तरांची नेहमीची कुरकुर. पण पेटी वाजवणारे गुरुजी रजेवर असले आणि कोणी भलत्याच पट्टीत आरंभ केला की तीनशे मुले दुसऱ्या ओळीला अडखळून थांबतात. अर्थाच्या आधी सूर माणसांना बांधीत असतो. टिळकांच्या आधीची मराठी ख्रिस्ती गीते पुष्कळशी इंग्रजी चालींवर बसवलेली होती. मराठी शब्दांच्या ऱ्हस्वदीर्घाला त्या चालीत नीट बसताच येत नसे. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी नगरकडे ख्रिस्ती कीर्तन रुजवून ही अडचण आधीच ओळखली होती. टिळकांनी अभंग, ओवी आणि पद यांचा खुला उपयोग केला. ओवीचे नाते तर त्याहून जुने. फादर स्टीफन्स या कॅथलिक जेझुइटाने ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचले ते १६१६ साली. टिळकांनी आरंभलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले ‘ख्रिस्तायन’ही ओवीबद्धच. तीनशे वर्षांचे अंतर, दोन परस्परविरोधी पंथ, आणि छंद मात्र आपल्या आजीच्या जात्यावरचा.

पण केवळ चालीने हे साधले असते तर टिळकांचे अनुकरण करणाऱ्या सर्वांनाच ते साधले असते. खरे मर्म मला दुसरीकडे दिसते, आणि मास्तर असल्यामुळे ते मी व्याकरणाच्या भाषेत सांगतो. धर्ममत हे प्रथमेचे वाक्य असते. देव असा आहे, चर्च असे आहे, संस्कार म्हणजे अमुक. अशा वाक्याला हो तरी म्हणावे लागते किंवा नाही तरी. प्रार्थनेची विभक्ती संबोधन आहे. हाक मारताना आपण कशाचे विधान करीत नाही. ‘आई!’ असे ओरडणारे मूल आईची व्याख्या करीत नसते आणि घरातली दोन भावंडे आईविषयी कितीही भिन्न मताची असली तरी ही हाक दोघांनाही खोटे न बोलता मारता येते. टिळकांच्या उत्तम भजनांत व्याख्या जवळजवळ नाही, हाक आहे. त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हटले, गुरू म्हटले, सखा म्हटले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्या पुलावरून येताना त्यांनी आणलेले सर्वांत मोलाचे सामान म्हणजे ही हाक मारण्याची रीत होय.

लक्षात घ्यावयाचे ते हे की, टिळकांचे शब्द पुसट नाहीत. कोणाला हाक मारायची याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र संदेह नाही. ख्रिस्ताचे नाव टाळून ते कोणाची मर्जी राखीत नाहीत. ज्याला बोलावतो तो निश्चित, आपली व्याकुळता निश्चित. मौन आहे ते फक्त स्पष्टीकरणांविषयी. समितीच्या प्रार्थनेत आणि टिळकांच्या भजनात हाच फरक आहे. समिती हाकच सौम्य करते. टिळक हाक मोठ्याने मारतात आणि वाद तेवढा उंबऱ्याबाहेर ठेवतात.

त्यांच्यात दोष नाहीत असे नव्हे. संस्कृत शब्दांचा सोस कधीकधी पदाला जड करतो, आणि हे पद खेड्यातल्या मंडळीने गावयाचे आहे याचा विसर पडल्यासारखा वाटतो. एकच भाव दहा भजनांत फिरून येतो. त्याहून मोठी उणीव अशी की, त्यांच्या चांगल्या पदांतला भक्त बहुधा एकटा आहे. ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यात तिसऱ्याला, म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाला, फारशी जागा नाही. ऐक्याच्या प्रार्थनेला हे न्यून लहान नव्हे. टिळकांना स्वतःला ते जाणवले असावे. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारावयास घेतला. त्यात पंथाची अट नव्हती. इतकेच काय, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही तिथे येण्यास वाट होती. दोनच वर्षांत त्यांचे निधन झाले आणि दरबार स्वप्नाच्या पायरीवर राहिला. ‘मी’ म्हणणाऱ्या कवीला ‘आम्ही’ म्हणावयास आयुष्य पुरले नाही.

‘आम्ही’ म्हणण्याचा पुढचा मोठा प्रयत्न मराठी मुलखाच्या पूर्व टोकाला झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथांनी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केले. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मिळून झालेले संयुक्त चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स अशी ही मंडळी. बोलणी १९२९ पासून चाललेली. त्यात सर्वांत कठीण गाठ धर्मगुरूंची होती. बिशपच्या हातून दीक्षा न घेतलेला धर्मगुरू अँग्लिकनांच्या लेखी अपुरा. आणि दुसऱ्यांदा दीक्षा घ्या म्हणावे तर इतरांना तो आपल्या आयुष्यभराच्या सेवेचा अपमान. दक्षिण भारतात १९४७ साली ऐक्य झाले तेव्हा जुन्या दीक्षा आहेत तशा मान्य करून पुढे जाण्याचा मार्ग पत्करला गेला. नागपूरच्या योजनेने वेगळे केले. सर्व पंथांच्या धर्मगुरूंनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवावेत आणि ज्याला जे उणे असेल ते देवाने त्याला द्यावे अशा आशयाची प्रार्थना करावी, असे ठरले.

ही नवी दीक्षा झाली की नाही? अँग्लिकनाने मनात हो म्हणावे, प्रेस्बिटेरियनाने नाही म्हणावे. प्रार्थनेने दोघांनाही तसे म्हणू दिले. ही हातचलाखी आहे, असा आक्षेप त्या काळी घेतला गेला. तो आक्षेप मला मान्य नाही. कोमट पाण्याची प्रार्थना आणि ही प्रार्थना यांत महदंतर आहे. येथे शब्द पुसट नाहीत. मागणे अगदी नेमके आहे. माझ्यात काहीतरी उणे असू शकेल, ते काय हे मला ठाऊक नाही, तुला ठाऊक आहे, ते दे. बिशपलाही हे म्हणावे लागले आणि साध्या बाप्टिस्ट पाळकालाही. ज्याचे उणे ते त्याला! मोठ्या मानाच्या माणसाला सर्वांदेखत असे म्हणावयास लावणारे वाक्य रचणे हे कोणत्याही लेखकाला अभिमान वाटावा असे काम आहे. त्या वाक्यावर कोणाचे नाव नाही, हेही शोभते.

अर्थात प्रार्थनेने सारे जुळले नाही. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट, संख्येने मोठे, अगदी अखेरच्या क्षणी बाजूला झाले. एक झालेल्यांतही पुढे जमिनी आणि इमारती यांवरून वाद माजले. गुजरातेतील ब्रदरेन मंडळीचा मालमत्तेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ साली त्याचा निकाल लागला. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही. देवघर एक ठेवून शेताचे तुकडे करणारी घरे आपण गावोगाव पाहतो. मस्तकावर ठेवलेल्या हाताची नोंद सातबाराच्या उताऱ्यावर होत नाही, आणि प्रार्थनेला कोर्टात साक्षीला बोलावता येत नाही.

पुण्याच्या शिवाजीनगर भागात याच काळात एक लहानसा, शांत प्रयोग झाला. टिळकांचे चरित्रकार विन्स्लो यांनी १९२२ साली नगरला ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला होता. पुढे तो पुण्यास आला. त्या जागेवरच्या ‘ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमा’त १९७२ साली अँग्लिकन आणि रोमन कॅथलिक अशा दोन संघांतल्या भगिनी एकत्र राहू लागल्या. शंकराचार्यांच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या सारा ग्रँट आणि वंदना माताजी या त्यांतल्या ख्यातनाम. स्वयंपाकघर एक, सकाळ-संध्याकाळची प्रार्थना एक. नागपूरला जे काम योजनेने आणि ठरावांनी केले, ते येथे रोजच्या उठण्याबसण्यावर सोपवले होते. पण कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे इतर पंथीयांना सर्वसाधारणपणे मिस्सेतल्या ख्रिस्तप्रसादात भाग घेता येत नाही. एकाच घरात राहणाऱ्या, एकाच आवाजात स्तोत्रे म्हणणाऱ्या माणसांमध्ये वेदीपाशी येऊन ही रेघ आखलेली असते.

मराठी वाचकाला ही रेघ समजावून सांगण्याची गरज नाही. भजनाला एकत्र बसणारी आणि पंगतीला वेगळी होणारी माणसे आपण पिढ्यान् पिढ्या पाहिली आहेत. ख्रिस्ती पंथांतल्या रेघेचे कारण निराळे आहे. ते सिद्धांताचे आहे, विटाळाचे नाही. पण दुसऱ्या एका रेघेविषयी तसे म्हणता येणार नाही. महाराष्ट्रातील, विशेषतः नगरकडील, ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग महार आणि मांग समाजांतून आलेला. टिळक मात्र चित्पावन. आपले सोवळे कसे हळूहळू गळून पडले ते लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त हसतखेळत आणि निर्भयपणे सांगितले आहे, पण सर्वांनाच लक्ष्मीबाईंची छाती नसते. देऊळ बदलले तरी जात कित्येकदा सामानातून बरोबर आली.

म्हणून २०१३ च्या ऐक्य-सप्ताहाच्या प्रार्थना मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. दर वर्षी निराळ्या देशातील ख्रिस्ती मंडळी त्यांचा मसुदा करतात. त्या वर्षी तो मान भारताकडे आला आणि ‘स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट ऑफ इंडिया’ या विद्यार्थी-संघटनेने इतरांच्या साहाय्याने मसुदा केला. त्यांनी मीखा या संदेष्ट्याचा, देवाला आपल्याकडून खरोखर हवे तरी काय, हा प्रश्न घेतला आणि दलितांवरील अन्याय हा विषय मध्यभागी ठेवला. आठ दिवसांची मांडणी देवाबरोबर चालण्याच्या कल्पनेवर केली. वारीच्या देशातून दुसरी कोणती कल्पना जाणार होती? जगभरच्या देवळांत त्या जानेवारीत कॅथलिकांनी आणि प्रॉटेस्टंटांनी मिळून जातीचे नाव घेऊन प्रार्थना केली. ऐक्याची प्रार्थना करणाऱ्यांना या मुलांनी विचारले की, तुमच्या पंथांत ऐक्य झाले आणि शेजारी बसलेला माणूस दूरच राहिला, तर ते कसले ऐक्य? टिळकांच्या भजनात जी उणीव राहिली होती ती येथे भरून निघते. ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यात तिसरा माणूस येऊन बसतो. गद्य रूक्ष आहे, काही ठिकाणी अहवालासारखे आहे. टिळकांची माधुरी त्यात नाही. पण ते म्हणणाऱ्याला काहीतरी द्यावे लागते, फुकट सुटता येत नाही.

या साऱ्या वाङ्मयाचा निवाडा करावयाचा तर मी असा करीन. एकत्र म्हटलेल्या प्रार्थनेने पंथांच्या भिंती पाडल्या, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तिने केले ते निराळे. भिंतीच्या दोन्ही बाजूंना तीच हाक ऐकू येऊ लागली, आणि मग मध्ये भिंत असल्याचे दुःख होऊ लागले. पूर्वी ते दुःख नव्हते. परक्याचे घर वेगळे असणारच, असे सर्वांना वाटे. सर्वांच्या तोंडी एकच शब्द देताना जिने कोणालाही खोटे बोलावयास लावले नाही, आणि तरी कोणालाही मोकळे सोडले नाही, ती प्रार्थना वाङ्मय म्हणून उत्तम. या कसोटीला टिळकांची मोजकी भजने उतरतात, नागपूरचे ते निनावी वाक्य उतरते आणि २०१३ च्या मसुद्यातील काही भाग उतरतो. बाकीचे पुष्कळसे सद्‌हेतूचे आहे, एवढेच.

दिवाळीच्या सुटीत कपाटातली ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा खाली काढणाऱ्या वाचकाने तिच्या शेजारी टिळकांची ‘अभंगांजली’ही ठेवावी. हाक कशी मारावी ते तीत शिकावयास मिळते. ताट एक कसे करावे, हे मात्र तिला सांगता आले नाही. ते काम पुस्तकाचे नाहीही. ते ज्याने त्याने आपल्या घरी, आपल्या देवळात आणि आपल्या पंगतीत करावयाचे आहे.